फ्रीगंजहून निघालेली तोरा

उज्जैन,
१४ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. सिम्हा हिला हन्नाताईचा शालोम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऐन दिवाळीत आलं. शेजारच्या गोपाळकृष्णने फराळाच्या ताटासोबतच आणून दिलं, त्यामुळे पाकिटाला अजून चकलीचा वास येतोय. अश्दोदच्या समुद्राचं तू इतकं छान लिहिलंस, की काकांना वाचून दाखवताना माझाच आवाज ओला झाला.

इथली बातमी अशी, की सुकोथचा सण झाल्यावर रोहेकर मंडळी ठाण्याला मुलाकडे गेली ती कायमचीच. सामान चढवून झाल्यावर रोहेकरकाकू प्रार्थनालयाच्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिल्या. आता उज्जैनमध्ये आपले, यहुदी म्हणावे असे आम्ही दोघंच, मी आणि हसकेलकाका. बाबांचे हे धाकटे भाऊ ऐंशीच्या पुढे गेले, तरी कुणी विचारलं तर सांगतात, की मी इथला हजान, प्रार्थना चालवतो. कुणासाठी चालवता, असं कुणी विचारत नाही, हे एक बरं.

दर शनवारी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते फ्रीगंजच्या टावर चौकामागच्या गलीतून प्रार्थनालयात चालत जातात. जिना चढताना दम लागतो. वर गेलं की आपली ती एकच खोली, आजोबांनी रेल्वेच्या नोकरीत कोकणातून आणलेली ती सेफर तोरा, धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी, आणि शांतता. काका लाकडी पेटी उघडतात, ओळीवरून फिरवायचं चांदीचं बोट हातात घेतात आणि म्हणू लागतात. डोळ्यांना काही दिसत नाही. बोट एका ओळीवर असतं आणि तोंडात दुसरंच प्रकरण. मी बायकांच्या जाळीमागे माझ्या नेहमीच्या जागी बसते. लहानपणापासून तिथे बसून बसून सगळं कानांत इतकं मुरलंय, की कुठे चुकलं ते कळतं. पण मी बोलत नाही. बाहेर रिक्शांचे भोंगे, खाली कॅसेटच्या दुकानातली गाणी, आणि त्यातून काकांचा आवाज धुरासारखा वर जात असतो. कधीकधी मला वाटतं, मीच हे सगळं स्वप्नात बघतेय.

परवा घरी आल्यावर काका म्हणाले, की मी आता वाचत नाही, नुसता आठवतो, आणि आठवणाऱ्याला तोरेची गरज नसते. ती जिथे वाचली जाईल तिथे तिला पाठव. निर्णय त्यांनी माझ्यावर सोपवलाय. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

इसाकरावांना शालोम. लोभ आहेच, तो समुद्रापलीकडून असाच येत राहू दे.

तुझी,
हन्नाताई

•

अश्दोद,
१ डिसेंबर १९९४

ती. हन्नाताईस सिम्हाचा शालोम आणि वाकून नमस्कार.

पत्र वाचलं आणि दिवसभर हातांत काम सुधरेना. इसाकने भाजी करपवली म्हणून मी ओरडले, तर तो म्हणाला, की भाजी तूच चढवली होतीस.

ताई, यात विचारायचं काय? तोरा इथे येणार. आपल्या कोकणातल्या लोकांनी इथे नवं प्रार्थनालय बांधलंय, हे तुला लिहिलंच होतं. कमिटीतल्या लोकांना मी कालच सांगितलं. सगळे खूश झाले. एका म्हाताऱ्यांना तर तुमच्या फ्रीगंजच्या त्या खोलीतलं आपल्या बाबांचं गाणंसुद्धा आठवत होतं. ते तरुणपणी रतलामला रेल्वेत होते म्हणे.

आणि तोरेबरोबर तू ये. काकांनाही आण. मुलं आपापल्या घरी गेली, एक खोली रिकामी आहे, खिडकीतून पाणी दिसतं. तू सकाळी उठून नुसतं बघत बसायचंस. तू येणार येणार म्हणता म्हणता माझे केस पिकले. नोकरी होती तोवर शाळेचं कारण होतं, आता काय आहे तिथे? माधव नगरची भाजी इथे मिळत नाही, एवढंच ना?

तुझ्या मराठीत हिंदी फार घुसलंय, ते इथे आलीस की मी काढीन. माझ्या मराठीत काय काय घुसलंय ते तू काढ.

काकांच्या पायांना हात लावल्याचं सांग. माया आहे म्हणून लिहिते, नाहीतर कोण एवढं लिहितं.

तुझी,
सिम्हा

•

उज्जैन,
१८ जानेवारी १९९५

चि. सिम्हा हिला उत्तम आशीर्वाद. शालोम.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे एक गोष्ट घडली.

यंदा कोहरा इतका पडला, की सकाळी समोरची गच्ची दिसत नाही. शिप्रेकडून येतो आणि दुपारपर्यंत रस्त्यांवर बसून राहतो. अशाच एका सकाळी दार वाजलं. बाहेर एक तिशीतला माणूस आणि एक सावळी, पन्नाशीची बाई, दोघांच्या अंगावर नुसत्या सुती चादरी. थंडीने दोघांचे दात वाजत होते. ते आंध्रातून आले होते. समुद्राजवळ, मिरचीच्या शेतांमधलं गाव. माणसाचं नाव दानियेल, प्राथमिक शाळेत मास्तर. बाई त्याची आत्या, रत्नम्मा, शेतावर मजुरी करते. टावर चौकात त्यांनी ‘जू लोगों का मंदिर’ विचारलं, तर कुणीतरी त्यांना जूत्यांच्या दुकानात पाठवलं होतं. दानियेलने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की काकांना हसू आवरेना.

ऐक, सिम्हा. त्यांच्या गावात काही घरं आहेत, ती स्वतःला यहुदी म्हणवतात. आजे-पणजे तसं सांगत आले, म्हणतात. शनवारी ते शेतावर जात नाहीत, म्हणून जमीनवाला त्यांना आठवडाभर कामाला बोलावत नाही. तोरा नाही. दानियेलने छापील पुस्तकावरून कागदावर अक्षरं उतरवली, कागद खळीने जोडले आणि बांबूच्या काठ्यांवर गुंडाळले. त्यावर ते प्रार्थना करतात. एखादी जुनी तोरा मिळेल का म्हणून मुंबईला गेले, तिथे कुणी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उज्जैनचं नाव मात्र कळलं.

आम्ही त्यांना प्रार्थनालयात वर नेलं. काकांनी पेटी उघडली. दानियेलला अक्षरं ओळखता येतात, पण आपल्या तोरेत स्वरांच्या खुणा नसतात ना, त्यामुळे तो दोन शब्द वाचायचा आणि थांबायचा. रत्नम्मा दाराशीच उभी होती. तिने भाच्याकडून विचारवलं, की जवळ उभं राहिलं तर चालेल का. मग हात मागे बांधून ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, की एवढ्या थंडीत हिला कुणी काही पांघरत नाही का? काका नंतर मला म्हणाले, की इतक्या वर्षांत हिची विचारपूस करणारी ही पहिलीच.

ती दोघं जेवून, राहून गेली. काकांनी रात्री त्यांना कोकणातली गोष्ट सांगितली, आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. दानियेलने आत्याला ते तेलुगूत सांगितलं. तिने काकांचा हात धरला आणि सोडलाच नाही.

तेव्हापासून माझ्या मनात दोन वाटा झाल्यात. परवा स्वप्नात तोरा आपोआप उलगडत जिन्यावरून खाली गेली, फ्रीगंजच्या रस्त्यावर पसरली, आणि मी तिच्या कडेकडेने चालत राहिले. पुढे कोहऱ्यात काही दिसेना.

रागावू नकोस. आणि रागावलीस तरी लिही.

तुझी,
हन्नाताई

•

अश्दोद,
२९ जानेवारी १९९५

ती. ताईस शालोम.

रागावले आहे, म्हणून लगेच लिहिते.

कोण कुठले लोक कोहऱ्यातून येतात, चादर पांघरून दारात उभे राहतात, आणि तू आपल्या आजोबांची तोरा त्यांना द्यायला निघतेस? त्यांना यहुदी कुणी म्हटलं? त्यांनीच ना?

तू म्हणशील, सिम्हा कठोर झाली. ताई, मी इथे, यहुद्यांच्याच देशात, आले त्याच्या पुढच्याच वर्षी माझं लग्न ठरलं, तेव्हा मला धर्मगुरूंच्या कचेरीत बसवून विचारलं होतं, की तुझी आई कोण, तिची आई कोण, तिच्या आईचं लग्न कुणी लावलं. मी एकवीस वर्षांची होते. बाबांनी उज्जैनहून कागद पाठवले, ते पुरेनात. आपल्या लोकांना खरे यहुदी मानावं म्हणून इसाक उपाशी मोर्च्यात बसला होता. आम्ही शेवटी मान्य झालो, पण ते दिवस माझ्या अंगावरून गेलेले आहेत. आम्हाला एवढं सिद्ध करायला लागलं, तर त्यांनीही करावं. उद्या प्रार्थनेला लागतात तेवढे त्यांचे दहा पुरुष एका रांगेत उभे राहिले, तरी मी त्यांना दहा म्हणणार नाही.

इथे कमिटीने कपाटात जागा करून ठेवलीय. मी शब्द दिलाय. आता मी काय सांगू, की माझ्या ताईचा तोरा असा, की ती तोरा देत नाही?

तुझ्या खोलीला नवे पडदे शिवले. निळे.

काकांची तब्येत कळव. रागात असले तरी तुझीच,
सिम्हा

•

उज्जैन,
७ फेब्रुवारी १९९५

प्रिय सिम्हा,

तार मिळाली असेल. आपले हसकेलकाका शुक्रवारी सकाळी गेले.

काही त्रास झाला नाही. दोन दिवस ते अर्धवट झोपेत म्हणत होते, कुठलंही प्रकरण कुठेही जोडून. मध्येच मला बाबांच्या नावाने हाक मारायचे. शुक्रवारी त्यांनी डोळे उघडले, कोहरा गेला का, असं विचारलं. मी म्हटलं, उतरतोय. मी चहा घेऊन आले तेव्हा ते नव्हते. शेवटच्या घटकेला म्हणायचा शमा माझ्या तोंडून त्यांनी ऐकला की नाही, कुणास ठाऊक.

शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ लागायच्या आधी माती व्हायला हवी होती. गोपाळकृष्णने बँकेला सुट्टी टाकली, त्याचे मित्र आले, सारा मोहल्ला आला. त्यांनीच खांदा दिला. काकांनी ज्यांना हार्मोनियम शिकवली होती त्या बाया फाटकाबाहेर उभ्या राहून रडत होत्या. माणसांना तोटा नव्हता, सिम्हा. पण गेलेल्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायला आपले दहा पुरुष लागतात, ते नव्हते. एकही नव्हता. आयुष्यभर सगळ्यांसाठी कद्दिश म्हणणारा माणूस, आणि त्याच्यावर माती पडली तेव्हा मी एकटी मनातल्या मनात म्हणत होते. त्याला कद्दिश म्हणत नाहीत.

इसाकरावांना तिथे म्हणायला सांग.

दानियेललाही मी तार केली. इथून गेल्यावर त्याने काकांच्या नावे पोस्टकार्डं पाठवायला सुरुवात केली होती, दर आठवड्याला एक, आणि काका ती उशाशी ठेवायचे. त्याला न कळवणं मला जमलं नाही.

तुझं रागाचं पत्र कालच पोचलं. पडदे निळे केलेस, ते आवडलं.

तुझी,
हन्नाताई

•

उज्जैन,
६ मार्च १९९५

चि. सिम्हा हिला आशीर्वाद. शालोम.

एसटीडीवर तुझा आवाज आला आणि मी गडबडून फक्त हवापाणी विचारलं. जे सांगायचं होतं ते आता लिहिते. आधी नीट बस.

काकांचा महिना शनवारी आला. शुक्रवारी संध्याकाळी मी प्रार्थनालयात दिवे लावून, झाडून खाली उतरत होते, तर जिन्यावर पावलं वाजली. एकामागून एक माणसं वर येत होती. पांढरी धोतरं, पांढरे सदरे, खांद्यावर पिशव्या, दोन दिवसांच्या गाडीने काळवंडलेले चेहरे. सगळ्यांत पुढे दानियेल. तो म्हणाला, की तारेत तुम्ही लिहिलं होतं, कद्दिशला दहा नव्हते. आम्ही दहा आलो आहोत.

मी भिंतीला टेकून उभी राहिले, सिम्हा. तुझं पत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, शब्द न् शब्द. मी त्यांना मोजलं. मी दहाच मोजले.

रात्री ते तिथेच सतरंज्यांवर झोपले. सकाळी प्रार्थना सुरू झाली. मी जाळीमागे माझ्या जागी बसले. त्यांच्या चाली वेगळ्या आहेत, लांब, झोका घेणाऱ्या. भाताच्या शेतावरून वारा जावा तशा. खोली भरून गेली होती. मला वाटलं, मी मिटलेल्या डोळ्यांनी बघतेय आणि समोर बाबा आहेत, रोहेकर आहेत, रतलामहून आलेले रेल्वेवाले आहेत. मग दानियेलने तोरा उघडली आणि वाचू लागला.

त्या शनवारचं वाचन तुला माहीत आहे. निर्गमाच्या पुस्तकाचा शेवट; वाळवंटात देवाचा मांडव उभा राहतो, ढग येऊन त्यावर बसतो, आणि ढग उचलला की लोक पुढच्या मुक्कामाला निघतात. दानियेलने महिनाभर तयारी केली होती. पण थोडं वाचून तो अडला. पुन्हा मागे गेला, पुन्हा अडला. बोट त्याच शब्दावर राहिलं. सगळे एवढ्या लांबून आले होते, आणि तो शब्द काही केल्या उघडत नव्हता.

तो शब्द मी उच्चारला. जाळीमागून. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दानियेलने वळून पाहिलं नाही, त्याने तो शब्द घेतला आणि पुढे गेला. पुन्हा अडला, पुन्हा मी दिला. मग शब्दामागे शब्द, ओळीमागे ओळ. मी काकांच्या चालीत म्हणत होते, तो बोट ठेवून माझ्यामागून म्हणत होता. आपल्याकडे बाईने तोरा वाचल्याचं मी कधी पाहिलं नाही. मी वाचलीही नाही. मी आठवत होते, तो वाचत होता. ढग उचलला जातो तिथे आम्ही दोघं एकदम पोचलो, आणि सगळ्यांनी मिळून ‘हजाक’ म्हटलं, खंबीर हो, इतक्या मोठ्याने, की कॅसेटवाल्याने गाणं बंद केलं.

मग त्यांनी हसकेलकाकांसाठी कद्दिश म्हटला. त्यांच्या उच्चारांत. एकाला मध्येच रडू आलं. त्याने काकांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

तोरा मी त्यांना दिली, सिम्हा. संध्याकाळी दिवा लागल्यावर सांगितलं. कुणी जल्लोष केला नाही. एका म्हाताऱ्याने चप्पल काढली, तो नुसता भिंतीशी उभा राहिला. मग दानियेल म्हणाला, की तोरा नेऊ, पण तिला बोलतं कोण करणार? तुम्ही चला. मी उद्या त्यांच्याबरोबर निघतेय. घराची चावी गोपाळकृष्णकडे आहे.

तू हे वाचशील तेव्हा मी तिथे असेन. काय लिहायचं ते लिही, मी वाचेन.

तुझी,
हन्नाताई

•

मुक्काम दानियेलचं गाव (नाव लिहायला गेले की माझी लेखणी अडखळते),
आंध्र प्रदेश,
२० मार्च १९९५

प्रिय सिम्हा,

सुखरूप पोचलो. गाडीत तोरा शालीत गुंडाळून मी मांडीवर घेतली होती. भोपाळला चढलेल्या एका बाईने विचारलं, की कितने महीने का है? मी म्हटलं, बहुत पुराना है. तिने माझ्याकडे जरा जपून पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. दोन दिवस, दोन रात्री मी पाठ टेकली नाही. खिडकीबाहेर ताडाची झाडं सुरू झाली, तशी मला गुंगी येऊ लागली. डोळा लागला की वाटायचं, मांडीवरचं ओझं हळूच श्वास घेतंय.

गावाच्या वेशीवर सगळी माणसं उभी होती. चार काठ्यांना रत्नम्माचं लग्नातलं लुगडं बांधून त्यांनी छत केलं होतं. सध्या मिरची वाळवायचे दिवस आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना, घरांपुढे, माळावर, जिकडे बघावं तिकडे लालभडक मिरची पसरलेली. त्या लालीतून पांढरे कपडे घातलेली माणसं गात चाललीत, मधे ते लुगडं वाऱ्याने फुगलेलं, आणि गाणाऱ्याला दर दोन ओळींनी सटासट शिंका! मीही शिंकले, दानियेल तोरा धरून शिंकला, शेवटी सगळे हसायला लागले. तोरा घरी आली ती हसत आली.

मातीच्या भिंतींची खोली आहे, वर पत्रा. कपाट गावातल्या सुताराने केलंय. रात्री गार पडतं म्हणून रत्नम्माने आत चादर ठेवलीय.

रोज संध्याकाळी शिकवते. दानियेल, आणखी दोघं. बायका दाराशी बसायच्या, त्यांना मी आत बोलावलं. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण माझा आवाज असा कधी लागला नव्हता. काकांची चाल माझ्या गळ्यातून निघते आणि तेलुगू गळ्यांत जाऊन बसते, तेव्हा क्षणभर कळत नाही, की कोण कुठे आहे.

पेसाहचा सण इथेच करीन. पुढचं मला दिसत नाही, आणि त्याची घाईही नाही.

तुझी खोली, तुझे पडदे, सगळं आठवतं. तुझं पत्र नाही. एवढी गप्प तू लहानपणी एकदाच झाली होतीस, टायफॉइडमध्ये. सिम्हा, बोल.

तुझी,
हन्नाताई

•

अश्दोद,
९ एप्रिल १९९५

ती. हन्नाताईस सिम्हाचा शालोम.

तुझी दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात हातात पडली. मी ती इसाकला दाखवली नाहीत. चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले, बाजारात, बसमध्ये. समुद्रावर जाऊन वाचली.

आता माझं ऐक. मी कमिटीला सांगायला गेले, की तोरा येणार नाही. मनात केवढी भीती. अध्यक्ष म्हणाले, बरं. मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आत चार तोरा आहेत, ताई. कोणी मुंबईहून आणली, कोणी पनवेलहून. एक वाचतात, बाकीच्या सणाला बाहेर येतात, लोकांच्या खांद्यांवर नाचतात, आणि पुन्हा आत जातात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते कपाट मी शंभरदा उघडं पाहिलंय. मला तोरा नकोच होती. मला वाटलं, तिला मागितलं तर तिच्यामागून तू येशील.

ती तर गेली, आणि तू तिच्यामागून गेलीस. भलतीकडे.

दोन दिवस तुझा हेवा वाटला, रागापेक्षा जास्त. मग इसाकला सगळं सांगितलं. तो भांडी घासत होता. मी त्याला म्हटलं, ते दहाजण कोण होते ते मला माहीत नाही. तो म्हणाला, की हसकेलकाकांना माहीत आहे, तेवढं पुरे. त्या उपाशी मोर्च्यात बसलेला माणूस असं म्हणतो, आणि मी इकडे कागद मागत बसले.

पेसाहनंतर मी येते. तिकिटाचं इसाक बघतोय. उज्जैनला नाही, थेट त्या मिरचीच्या गावात. रत्नम्माला विचार, तिला काय आणू. तुझ्यासाठी निळे पडदे आणते, पत्र्याच्या खोलीला खिडकी असेल तर लाव, नसेल तर पाडून घे.

काल शनवारी मी प्रार्थनालयात लवकर जाऊन बसले. एका शनवारी जगभर आपलं एकच वाचन; कालचं होतं कोडाचं आणि त्वचेच्या दुखण्यांचं. आमच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ते ऐकता ऐकता हात खाजवत होत्या. सूर्य तुमच्याकडे आधी उगवतो. म्हणजे तिथे दानियेलने हेच सगळं वाचलं असेल, तू शब्द पुरवले असशील, आणि पेटी मिटून तुम्ही घरी गेला असाल. इथे तेव्हा कपाट उघडत होतं. मी डोळे मिटले. तुमचं संपलं होतं, ताई, आणि आमचं सुरू झालं.

तुझीच,
सिम्हा